शिंदीतला टकमक्या

निवृत्त प्राध्यापिकेच्या दाराची बेल वाजते ती बहुधा कुणाच्या तरी प्रवेशाच्या चौकशीसाठी. माझ्या दारात लोक काडेपेटी घेऊन उभे असतात. काडेपेटी, औषधाची बाटली, मसाल्याची रिकामी डबी, एकदा तर जेवणाच्या डब्याचा वरचा कप्पा. आत कोळी. "मॅडम, हा कुठला?" एवढाच प्रश्न. बारामतीत मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं, पण गावाने मला लक्षात ठेवलं ते कोळ्यांमुळे. आमच्या भागातल्या रिक्षावाल्याला 'कोळ्यांच्या बाई' म्हटलं की तो पत्ता न विचारता आणून सोडतो.

त्यातही माझा विषय उड्या मारणारे कोळी. हे जाळं लावून शिकार करत नाहीत. खिडकीच्या चौकटीवर तिळाएवढं काहीतरी टुणकन उडतं, थांबतं आणि अख्खं अंग वळवून तुमच्याकडे बघतं, तोच हा. डोळे आठ, त्यातले पुढचे दोन एवढे मोठे की बाकीच्या चेहऱ्याला जागाच उरत नाही. इतर कोळी माणसाला चुकवतात, हा माणसाला निरखतो. मी कॉलेजात शिकत असताना एकाने मला असं निरखलं आणि माझ्या आयुष्याची दिशा ठरली. घरच्यांनी त्या दिशेला वेगळं नाव ठेवलं होतं, ते इथे सांगत नाही.

काडेपेटीवाल्यांचे किस्से पुष्कळ आहेत. डाळजहून एक डाळिंबवाले आबा मोटरसायकलवर आले. फळावर कोळी सापडला म्हणून घाबरले होते. कुठलं औषध मारू, एवढंच त्यांना हवं होतं. मी सांगितलं, मारू नका, तो तुमच्या बागेतले फुलकिडे खातो, मजुरी मागत नाही. आबांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "फुकट काम करतंय म्हंजी कायतरी गडबड असनार," असं म्हणून ते डबी घेऊन गेले. औषध मारलं की नाही ते मी विचारलं नाही. एक बाई वर्तमानपत्राच्या घडीत चेंगरलेला कोळी घेऊन आल्या. नवऱ्याचा पाय सुजला होता आणि यानेच चावा घेतला अशी त्यांची खात्री होती. घडीत कोळ्याचा नुसता डाग उरला होता. मी त्यांना दवाखान्यात पाठवलं. पायात वेड्या बाभळीचा काटा निघाला. हल्ली फोनवर फोटो येतात, सगळे पाठीकडून काढलेले, हललेले, आणि खाली लगेच 'नाव?' असा प्रश्न. मी उत्तर देते, 'कोळी.' यामुळे मी शिष्ट आहे असा बऱ्याच जणांचा समज झाला आहे. तो अगदीच चुकीचा नाही.

खरी गोष्ट अशी की पाठीवरच्या रंगावरून या छोट्या कोळ्यांचं नाव सांगता येत नाही. आठ-दहा वेगवेगळ्या जातींचे कोळी वरून सारखेच तपकिरी दिसतात आणि एकाच जातीचे नर-मादी इतके वेगळे दिसतात की त्यांची ओळख आहे असंही वाटू नये. जातकुळीचं नाव म्हणजे आडनाव, ते थोड्या अनुभवाने कळतं. जातीचं नाव म्हणजे पाळण्यातलं, ते कळायला कोळी सूक्ष्मदर्शकाखाली उलटा करावा लागतो. नराच्या तोंडाशी दोन आखूड हात असतात, त्यांच्या टोकाला गाठ असते आणि त्या गाठीवर बारीक काटे आणि वळसे असतात. मादीच्या पोटाखाली एक चिमुकली चकती असते. नराची किल्ली, मादीचं कुलूप. एका जातीची किल्ली दुसऱ्या जातीच्या कुलपाला लागत नाही, म्हणून आम्ही कोळ्याचं तोंड न बघता किल्ली-कुलूप बघतो. ती चकती सुईच्या टोकाने सोडवून लवंगेच्या तेलात ठेवली की पारदर्शक होते. माझ्या खोलीला कायम दात दुखणाऱ्या माणसाचा वास यायचा तो यामुळे.

हे सगळं कोळी मेल्यावरच होतं. तो अल्कोहोलमध्ये जातो, सोबत कागदाच्या कपट्यावर गाव, तारीख, कुठे सापडला आणि कुणी पकडला हे शिसपेन्सिलीने लिहून बाटलीतच टाकायचं, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. ज्याच्यावर जीव जडला त्याला स्वतःच्या हाताने बुडवायचं, हा या कामातला भाग मला कधीच सोपा गेला नाही. विद्यार्थ्यांसमोर मी तसं दाखवलं नाही.

आता माझ्या पहिल्या चुकीबद्दल सांगते, कारण दुसरी चूक त्यातूनच झाली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मला भिगवणजवळच्या गवतात एक मादी सापडली. तिची चकती कुठल्याच पुस्तकातल्या चित्राशी जुळेना. मी हरखून गेले. नवी जात म्हणून तिचं वर्णन लिहिलं, नाव दिलं, ते छापून आलं, कॉलेजात पेढे वाटले. काही वर्षांनी दुसऱ्या एका अभ्यासकाला माझी मादी आणि आधीपासून माहीत असलेला एक नर एकाच घरट्यात सापडले. त्या नराची मादी तोवर कुणाला ठाऊक नव्हती. मी तिलाच नवी जात ठरवून बसले होते. एकाच जोडप्यातल्या नवरा-बायकोला मी दोन वेगळ्या जातींचं ठरवलं होतं. असं झालं की नंतरचं नाव रद्द होतं आणि जुन्या नावाखाली बारीक अक्षरात कायमचं छापलं जातं, तुमच्या आडनावासकट. जगात कुठेही कुणी त्या कोळ्याचं पान उघडलं की माझी फजिती तिथे आहे. एका परिषदेत चहाच्या रांगेत कुणीतरी हसत म्हणालं, या त्याच ना, नवऱ्यापासून बायको तोडणाऱ्या. सगळे हसले, मीही हसले. त्या रात्री मी लॉजवर जेवले नाही.

तेव्हापासून मी एक नियम केला. प्रौढ नर हातात आल्याशिवाय नाव उच्चारायचं नाही. विद्यार्थ्यांना मी तो तोंडपाठ करायला लावला. ते मागे माझी नक्कल करायचे, मला माहीत होतं आणि थोडं बरंही वाटायचं. नाकावर माशी बसू न देणारी बाई म्हणून नाव झालं. त्यानंतर माझं एकही नाव रद्द झालं नाही, कारण मी फारशी नावं दिलीच नाहीत.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या दिवाळीत एका कामासाठी इंदापूरला गेले होते. बाजारात लक्ष्मीपूजनाच्या केरसुण्या आल्या होत्या. एका बाईंसमोर ताज्या, हिरवट केरसुण्यांची रास होती. मी एक उचलली तेवढ्यात पात्याच्या घडीतून एक कोळी बाहेर आला. बारीक, लांबट, वाळलेल्या पात्याच्या रंगाचा, पाठीवर दोन फिकट रेघा. माझ्या अंगठ्यावर चढून त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. मी तशीच उभी राहिले. त्या बाई म्हणाल्या, "घाबरू नगा, टकमक्या हाय त्यो. काय करत न्हाय, नुसता बघत बसतो."

या हिराबाई. वय माझ्याएवढंच, कदाचित चार वर्षं कमी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला कामाला. केरसुण्या आणि फडे बांधणं हा त्यांच्या सासरचा धंदा. त्यांचं गाव वरकुट्याच्या पलीकडे, नाव मुद्दामच लिहीत नाही. गावाबाहेर एक ओढा होता, त्याला खारओढा म्हणत. त्याच्या दोन्ही काठांनी शिंदीचं बन होतं. शिंदी म्हणजे खजुराची रानटी बहीण, हात लावाल तर काटे. सगळीकडे ऊस आणि डाळिंब पसरलं, तरी हा ओढ्याचा पट्टा खारट म्हणून तसाच राहिला होता. हिराबाई त्यातली पानं तोडत, मधला कोंब कधीच तोडत नसत. कोंब तोडला की झाड गेलं, असं त्यांना सासूने सांगितलं होतं.

मी त्या कोळ्याला केरसुणीसकट घरी आणलं आणि चार दिवसांनी त्यांच्या गावी जाऊन थडकले. पुढे हिवाळाभर जात राहिले. बारामतीहून एसटीने इंदापूर, तिथून वडापची जीप, पुढे चालत. हिराबाई पान तोडायच्या, मी पात्यांच्या घड्या उलगडायचे. घडीच्या आत पांढऱ्या रेशमाची पिशवी आणि पिशवीत टकमक्या. मी त्यांना कोळ्यांबद्दल काही शिकवायला गेले, पण शिकले मीच. शेंड्याकडच्या पात्यांत माद्या असतात आणि पिल्लं खालच्या, जुन्या पात्यांत, हे त्यांनी सांगितलं. मी मोजून पाहिलं, तसंच निघालं. कॉलेजात मुलांना हे शिकायला दोन वर्षं लागली असती.

माद्या मिळाल्या, नर मिळेना. मी हिराबाईंना विचारलं की तोंडाशी दोन गाठी असलेला कधी दिसतो का. त्या म्हणाल्या, "मिशावाला व्हय? त्यो आत्ता न्हाय घावायचा. पाऊस तोंडावर आला की दिसतो. आठ-पंधरा दिस हिंडतो आन मग कुठं जातो कुनास ठावं." म्हणजे नर जूनच्या सुमाराला वयात येत होते आणि थोडेच दिवस जगत होते. मला जूनपर्यंत थांबावं लागणार होतं. त्याची मला सवय होती.

घरी मी एका मादीची चकती काढून लवंगेच्या तेलात ठेवली आणि पाहिली. पाहिल्यावर खुर्चीत मागे टेकून बसले. ही जातकुळी लहान होती. त्यातल्या आजवर माहीत असलेल्या सगळ्या जातींच्या माद्यांची चित्रं माझ्याकडे होती. ही त्यातल्या एकीशीही जुळत नव्हती. पहिल्या वेळेसारखा घोटाळा होण्याची सोयच नव्हती, कारण इथे मादी माहीत नसलेला एकही नर शिल्लक नव्हता. हे मला त्याच दुपारी कळलं. वहीत मी लिहिलं, 'अनिश्चित. प्रौढ नर आवश्यक.'

फेब्रुवारीत हिराबाईंचा शेजाऱ्याच्या फोनवरून निरोप आला. ओढा रुंद आणि खोल करायचं ठरलं होतं. पाणी अडवायचं, जिरवायचं. एप्रिल-मे मध्ये मशिन येणार होतं आणि दोन्ही काठ साफ होणार होते. मी दुसऱ्या दिवशी गेले. हिराबाई मला घेऊन सरपंचांकडे गेल्या. सरपंच म्हणजे पोपटराव, चाळिशीतला गडी, बोलायला सरळ. मला त्यांच्याबद्दल एक शब्द वाईट लिहायचा नाही. विहिरी मार्चमध्येच कोरड्या पडत होत्या आणि पाणी सगळ्यांनाच हवं होतं, हिराबाईंनाही. हिराबाईंचं म्हणणं एवढंच होतं की वळणावरचा, दाट शिंदीचा तेवढा तुकडा सोडावा. तिथून वर्षभराचं पान निघतं.

पोपटरावांनी ऐकून घेतलं. वळणावर तसंही खोदकाम अवघड जाणार होतं, तिथे खडक होता. ते म्हणाले, "तेवढा सोडायला माझी ना न्हाय, मॅडम. पन निस्त्या केरसुनीसाठी सोडला म्हनलं तर लोक मला खातील. तुमी शिकल्याल्या, तुमचा कागद आसंल तर बैठकीत वाचून दावतो. हितं कायतरी येगळं हाय, दुसरीकडं न्हाय, एवढं लिवून द्या. मग कुनी बोलनार न्हाय."

हिराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं काम झालं. एका कागदावर अडलंय आणि कागद लिहिणारी बाई तर शेजारीच उभी आहे.

मी आठ दिवस घेतले. टेबलाशी बसून चार मसुदे केले. 'नवीन' हा शब्द लिहायला गेले की चहाच्या रांगेतलं ते हसू कानात यायचं. माझा कागद बैठकीत वाचला जाणार, मग वर्तमानपत्रात येणार, मग पुण्याला कुणीतरी विचारणार, बाई, नर कुठाय. शेवटी मी कॉलेजच्या जुन्या टायपिस्टकडून व्यवस्थित पत्र टाइप करून घेतलं. त्यातली मधली दोन वाक्यं मला पाठ आहेत. 'सदर कोळ्याची जात सद्यःस्थितीत निश्चित करता येत नाही. प्रौढ नर उपलब्ध झाल्यानंतरच याविषयी अभिप्राय देणे शक्य होईल.' खाली सही, हुद्दा, निवृत्त असा शब्द कंसात. एक अक्षर खोटं नव्हतं.

पत्र मी पोस्टाने पाठवलं. स्वतः घेऊन गेले नाही. यातच सगळं आलं.

बैठकीत काय झालं ते हिराबाईंनी नंतर सांगितलं. पोपटरावांनी पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. कुणीतरी विचारलं, म्हणजे काय म्हणतात बाई. पोपटराव म्हणाले, त्यांना सांगता येत नाही म्हणतात. मग दुसरा म्हणाला, एवढ्या शिकलेल्या बाईला सांगता येत नाही म्हणजे साधाच कोळी असणार. यात चिडण्यासारखं काही नव्हतं. त्या पत्राचा दुसरा अर्थ कोण कसा लावणार?

माझ्या हातात अजून एक आशा होती, निदान मी तिला आशा म्हणत होते. मार्चमध्ये गोळा केलेल्या पिल्लांत एक अर्धवट वाढलेला नर होता. तोंडापाशी गाठी फुगलेल्या, पण बंद. कोळी कात टाकत वाढतो आणि शेवटची कात टाकल्यावरच गाठ उघडते, तिच्यावरचे काटे आणि वळसे दिसतात. घाई करून आधीच अल्कोहोलमध्ये टाकला तर हातात काहीच येत नाही. मी त्याला एका स्वच्छ बाटलीत, शिंदीच्या एका पात्यासकट, स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ठेवलं. केळीच्या साली वाडग्यात ठेवून त्यांवर येणाऱ्या बारीक माश्या मी त्याला घालायचे. रोज ओल्या कापसाचा बोळा बदलायचा. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी मी बाटली डोळ्याशी धरायचे आणि तो माझ्याकडे बघायचा. त्याने मे महिन्याच्या आत कात टाकली असती तर मी धावत इंदापूर गाठलं असतं आणि नवा कागद दिला असता, असं मी स्वतःला सांगत होते. कोळी कात त्याच्या हवेप्रमाणे टाकतो. त्याला हवा दमट व्हायला हवी होती आणि मशिनला ती कोरडी असेपर्यंत काम उरकायचं होतं.

मशिन मे महिन्याच्या मध्याला वळणावर पोचलं. हिराबाईंचा फोन आला. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, सांजच्यापातुर समदं उरकतंय म्हनत्यात. तुमाला आजून बघायचं आसंल तर या." मी गेले. पोचेपर्यंत वळणाचा अर्धा काठ गेला होता. मुळासकट उपटलेल्या शिंदी एकावर एक पडल्या होत्या, पानं अजून हिरवीगार. हिराबाई मशिन थांबलं की पुढे होऊन हाताला लागतील ती पानं ओढून घेत होत्या. वर्षाचा माल एका दिवसात, आणि तोही ठेवणार कुठे. मी बाटल्या काढल्या आणि पडलेल्या झाडांच्या घड्या उलगडायला लागले. माद्या मिळाल्या, पिल्लं मिळाली, अंड्यांच्या पिशव्या मिळाल्या. मी वेड्यासारखी भरत गेले. संध्याकाळी माझ्या पिशवीत बाटल्या किणकिणत होत्या आणि आम्ही दोघी बांधावर बसलो होतो. ड्रायव्हरने आम्हाला पाणी आणून दिलं. पोपटरावही येऊन गेले. "तुमच्या कागदाची लई वाट बघितली मॅडम," एवढंच म्हणाले. मी मान खाली घातली. पत्र पोचलं होतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या बाटलीतल्या नराने खाणं सोडलं. पात्याच्या घडीत पिशवी विणून आत बसला. मला वाटलं, गेला. तीन दिवसांनी सकाळी बाटली धरली तर पिशवीच्या तोंडाशी त्याची कात पडलेली आणि शेजारी तो, ओला, फिकट, लांब मिशांचा. गाठी उघडल्या होत्या. भिंगातून बाटलीच्या काचेतूनच वळसा दिसत होता. तसा वळसा मी कुठल्याच चित्रात पाहिला नव्हता.

आयुष्यभर या क्षणासाठी माणूस काम करतं. मी कट्ट्याला धरून रडले. आनंदाने नाही.

त्याला सोडून द्यावं असं मनात आलं. पण सोडायचं कुठे? ओढ्याच्या दोन्ही काठांना आता मातीचे सरळ ढीग होते. बारामतीच्या माझ्या कुंड्यांत तो दोन दिवस जगला असता. मेमध्ये आणलेल्या माद्या आणि पिल्लं माझ्या हातून एकेक करून मेली होती, बाटलीत अंडी घालायला एकही तयार झाली नाही. तरी मी त्याला दहा दिवस ठेवलं. अकराव्या दिवशी तो माझ्याकडे बघत असताना मी अल्कोहोलची बाटली उघडली. कपट्यावर शिसपेन्सिलीने लिहिलं, खारओढा, वळणावरची शिंदी. 'कुणी पकडला' या शब्दांपुढे हिराबाईंचं नाव लिहिलं, कारण ते पान त्यांनीच काढून दिलं होतं.

पुढचं काम सरळ होतं. माझा एक जुना विद्यार्थी आता या विषयातला जाणता आहे, त्याच्याबरोबर वर्णन लिहिलं. मादीची चकती त्याने पाहिली आणि सहज म्हणाला, मॅडम, नरासाठी कशाला थांबलात, हिच्यावरूनच कळतंय की. त्याला मागचं काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, सवय. नंतर आम्ही दोन पावसाळे आजूबाजूचे ओढे हिंडलो, नीरेच्या काठाने नरसिंहपूरपर्यंत गेलो. शिंदी काही ठिकाणी आहे, हा कोळी नाही. कुठेच नाही असं मी म्हणणार नाही, आम्हाला सापडला नाही एवढंच. नावात आम्ही खारओढ्याचं नाव घातलं. ते छापून आलं. पेढे वाटले नाहीत.

छापलेला लेख घेऊन मी हिराबाईंकडे गेले ते मागच्या हिवाळ्यात. अंगणात बसून त्या केरसुण्या बांधत होत्या. पान आता टेम्पोने लांबून यायचं, विकत. ओढ्यात पाणी होतं, खोटं कशाला बोलू, विहिरींनाही होतं. मी त्यांना चित्रं दाखवली. नराची किल्ली, मादीचं कुलूप, पाठीवरच्या दोन रेघा. त्यांनी डोळे बारीक करून रेघांवर बोट ठेवलं आणि ओळखलं. नाव काय दिलं ते विचारलं. मी सांगितलं. लॅटिन शेपूट लावलेलं ते नाव त्यांना म्हणता येईना, पण त्यात खारओढा ऐकू आला तेव्हा त्या हसल्या.

मग म्हणाल्या, "ह्या टेम्पोच्या पानात न्हाय त्यो. म्या परत्येक पान उलगडून बघती. घावला तर तुमाला कळवावं म्हनलं." दोन वर्षं त्या हे करत होत्या. मला कधी बोलल्या नव्हत्या.

माझा चेहरा पाहून त्यांना वाटलं असावं की मला धीर द्यायला हवा. पात्यांची जुडी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "जाऊ द्या बाई. तवा तुमाला ठावं न्हवतं. तुमी तरी काय करनार हुता?"

मान हलवली असती तर तिथेच मिटलं असतं. त्यांनी मला वाट करून दिली होती आणि ती सोपी होती. पण समोर ते चित्र उघडं पडलं होतं आणि त्याखाली माझी सही होती.

"ठाऊक होतं, हिराबाई," मी म्हटलं. "मादी बघितली त्याच दिवशी वाटलं होतं की हा वेगळा आहे. पूर्ण खात्री नव्हती, म्हणून लिहिलं नाही."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांना खरंच कळत नव्हतं असं दिसलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मंग तेवढंच लिवायचं हुतं की."

मी बारामतीला परत आले. दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसून एक कोरा कागद घेतला आणि ते लिहून पाहिलं. 'माझी पूर्ण खात्री नाही. पण हा कोळी आजवर कुणाला माहीत नसलेला असावा, असं मला वाटतं. कृपया वळणावरची शिंदी तोडू नये.' तीन ओळीसुद्धा भरल्या नाहीत.